क्लोंडाइकच्या गोठलेल्या जमिनीतून सोने कसे काढावे: १८९७ सालच्या प्रवाशासाठी मार्गदर्शन

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, युकॉन नदीला मिळणाऱ्या क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात १८९६ ते १८९९ या काळात सोन्यासाठी जी झुंबड उडाली, तिच्याविषयी लिहिताना बहुधा मूठभर भाग्यवंतांच्या कहाण्याच सांगितल्या जातात. तेथे पोहोचावे कसे, सोबत काय न्यावे आणि दगडासारख्या गोठलेल्या जमिनीतून सोने प्रत्यक्षात बाहेर काढावे कसे, ही माहिती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आढळते. ती क्रमाने मांडावी, म्हणून हे मार्गदर्शन १८९७च्या उन्हाळ्यात सिएटलच्या धक्क्यावर, निघावे की न निघावे अशा विचारात उभ्या असलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिले आहे. त्याला तेव्हा कळणे शक्य नव्हते अशा काही गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. त्याही येथे लपवलेल्या नाहीत.

निघण्यापूर्वी तारखा ताडून पाहाव्यात

सोने सापडले ते १८९६च्या ऑगस्टमध्ये, रॅबिट क्रीक नावाच्या एका ओढ्यात. स्कूकम जिम या नावाने ओळखला जाणारा टॅगिश जमातीचा केश, त्याचा भाचा डॉसन चार्ली, बहीण केट आणि तिचा अमेरिकन नवरा जॉर्ज कारमॅक अशी ही मंडळी होती. पहिला कण कोणाच्या नजरेला पडला याविषयी त्यांच्यातच दोन मते होती, परंतु १७ ऑगस्टला जमिनीवर हक्क सांगणारे खुंट ठोकले गेले तेव्हा शोधाचा मान कारमॅकच्या नावावर गेला. फॉर्टी माइल येथील कचेरीत नोंद होताच आसपासचे जुने खाणकामगार तिकडे धावले, ओढ्याचे नाव बोनान्झा पडले, आणि त्याला मिळणारा एल्डोराडो हा लहानसा ओढा त्याहूनही समृद्ध निघाला. हिवाळा लागेपर्यंत दोन्ही ओढ्यांच्या काठची चांगली जमीन वाटली गेलेली होती.

बाहेरच्या जगाला मात्र हे कळले अकरा महिन्यांनी. युकॉन नदी ऑक्टोबरच्या सुमारास गोठते ती मेपर्यंत मोकळी होत नाही, आणि तारायंत्र त्या प्रदेशात पोहोचलेले नव्हते. १८९७च्या जुलैच्या मध्यावर ‘एक्सेल्सियर’ ही बोट सॅन फ्रान्सिस्कोला आणि १७ जुलैला ‘पोर्टलंड’ ही बोट सिएटलला लागली, तेव्हा सोन्याच्या पिशव्या घेऊन उतरणारी माणसे लोकांनी पाहिली. ज्यांनी ती पाहून घरदार सोडले, त्यांच्यासाठी बोनान्झावर एक फूटही जागा उरलेली नव्हती. म्हणून पहिली सूचना अशी की, ‘मला स्वतःची जमीन मिळेल’ या आशेवर सगळा हिशेब उभारू नये. मजुरी, भागीने खणणे किंवा धंदा यांपैकी काय जमेल, हे घरीच ठरवून निघावे.

शिधा आणि अवजारे

१८९७च्या शरद ऋतूत खाणींजवळ वसलेल्या डॉसन गावात अन्नाचा इतका तुटवडा पडला की शेकडो लोकांना नदीच्या वाटेने परत धाडावे लागले. त्यानंतर नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी खिंडींच्या माथ्यावर चौक्या बसवल्या आणि वर्षभराचा शिधा सोबत असल्याशिवाय कोणालाही पुढे सोडायचे नाही, असा नियम केला. शिधा सुमारे ५०० किलो, आणि तंबू, चूल, अवजारे धरून एकूण ओझे जवळजवळ एक टन भरे. हा नियम त्या काळी जाचक वाटला, तरी पुढच्या हिवाळ्यात डॉसनमध्ये उपासमार झाली नाही याचे मोठे श्रेय मला त्यालाच द्यावेसे वाटते.

यादी करताना पिठापासून सुरुवात करावी. त्या काळच्या याद्यांत माणशी सुमारे १८० किलो पीठ, ९० किलो खारवलेले डुकराचे मांस आणि ४५ किलो सुके घेवडे असत. शिवाय साखर, मीठ, चहा, कॉफी, वाळवलेल्या भाज्या व फळे, मेणबत्त्या आणि आगपेट्या. वाळवलेली फळे महाग म्हणून कमी करू नयेत, कारण ताज्या अन्नावाचून होणारा स्कर्व्ही हा रोग त्या हिवाळ्यांत सर्रास होता. हिरड्या सुजत, दात हलत आणि पायांतील बळ जाई. स्प्रूस झाडाच्या हिरव्या सुयांचा काढा हा त्यावरचा तेथील लोकांना ठाऊक असलेला उपाय होता, आणि तो वेळीच प्यावा. अवजारांत कुदळ, फावडे, कुऱ्हाड, सोने धुण्याचे घमेले, दोन माणसांनी ओढायचा लांब करवत, खिळे, दोरखंड आणि होडीच्या फटी बुजवण्यासाठी डांबर हवे. करवत आणि डांबर यांची गरज खाणीवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी पडते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. खाणी कॅनडाच्या हद्दीत असल्यामुळे अमेरिकेत खरेदी केलेल्या मालावर सरहद्दीवर जकात भरावी लागे. व्हिक्टोरिया किंवा व्हँकूव्हर येथे घेतलेल्या मालावर ती नव्हती. सिएटलचे व्यापारी हे ग्राहकाला आपणहून सांगतील, अशी अपेक्षा धरू नये.

वाट कोणती घ्यावी

पैसा असेल तर समुद्रमार्गे सेंट मायकेल आणि तेथून युकॉनच्या मुखातून वर, असा सगळा प्रवास पाण्यानेच करता येई. पण उशीर झाला तर बोट वाटेत बर्फात अडके. एडमंटनहून जाणारी ‘संपूर्ण कॅनडातील’ वाट देशाभिमानी वर्तमानपत्रांनी फार वाखाणली, आणि ती मुळीच घेऊ नये. त्या वाटेने निघालेल्यांपैकी थोडेच पोहोचले, आणि तेही अनेकदा दीड-दोन वर्षांनी, गर्दी ओसरल्यावर.

उरल्या अलास्काच्या किनाऱ्यावरून चढणाऱ्या दोन वाटा. स्कॅगवेहून निघणारी व्हाइट पास खिंड उंचीने कमी असल्याने जनावरांना सोयीची म्हणून सांगितली जाई, परंतु १८९७मध्ये त्या अरुंद, चिखलाच्या वाटेवर सुमारे ३,००० घोडे मेले. स्कॅगवे गावातच सोपी स्मिथ या ठगाची टोळी होती. तिने चालवलेल्या तारघरात लोक पैसे भरून घरी तारा पाठवत, आणि त्या तारघराला जोडलेली तार कोठेच जात नव्हती, अशी त्याची ख्याती आहे.

म्हणून डायी गावाहून चिलकूट खिंडीने जावे. बेनेट सरोवरापर्यंत ही वाट ५३ किलोमीटरची आहे. तिचा शेवटचा चढ इतका उभा की तेथे जनावर चढत नसे. हिवाळ्यात बर्फात सुमारे १,५०० पायऱ्या खोदलेल्या असत आणि एकामागे एक अशी माणसांची अखंड रांग त्यांवरून वर सरकत राही. माणूस एका वेळी २५-३० किलो ओझे नेई, म्हणजे एक टन माल माथ्यावर नेण्यासाठी तीस-चाळीस खेपा होत, आणि प्रत्येक खेपेनंतर रिकाम्या हाताने खाली उतरावे लागे. पिढ्यान्‌पिढ्या ही वाट त्लिंगिट लोकांच्या ताब्यात होती आणि तेच हमाली करत. त्यांचे दर गर्दीबरोबर वाढत गेले, याबद्दल गोऱ्या प्रवाशांनी पुष्कळ कुरकूर केली; पण त्या चढावर त्यांच्याइतके ओझे सुखरूप नेणारे दुसरे कोणी नव्हते. वसंत ऋतूत ताजा, ओला बर्फ पडत असेल तर चढ चालू ठेवू नये. ३ एप्रिल १८९८ रोजी त्लिंगिट हमालांनी धोका ओळखून वर जाण्याचे नाकारले होते. जे तरीही राहिले त्यांच्यातील साठाहून अधिक माणसे हिमकड्याखाली गाडली गेली.

खिंड शक्यतो हिवाळ्यात ओलांडावी, म्हणजे पलीकडच्या गोठलेल्या सरोवरांवरून माल घसरगाडीने ओढता येतो. बेनेटच्या काठी झाडे तोडून, करवतीने फळ्या काढून होडी बांधावी आणि बर्फ फुटण्याची वाट पाहावी. करवतीच्या वरच्या टोकाला एक आणि खाली भुसा अंगावर घेत दुसरा, या कामाने जितक्या मैत्री मोडल्या तितक्या खिंडीनेही मोडल्या नसतील. २९ मे १८९८ला बर्फ फुटला आणि सात हजारांवर होड्या निघाल्या. माइल्स कॅन्यन आणि व्हाइट हॉर्स येथील खळाळांत पहिल्याच दिवसांत कित्येक होड्या फुटून माणसे बुडाली. त्यावर पोलीस अधिकारी सॅम स्टील याने प्रत्येक होडीला क्रमांक दिला, माहीतगार नावाड्याखेरीज होडी सोडण्यास बंदी केली, आणि स्त्रिया व मुलांना काठाने चालत पुढे जाण्याचा हुकूम दिला. तेथे घाई करून काही मिळत नाही; डॉसन अजून शेकडो किलोमीटर दूर असते.

जमिनीवर हक्क कसा नोंदवावा

प्रथम १० डॉलर भरून खाणकामगाराचा वार्षिक परवाना काढावा. त्याशिवाय खुंट ठोकण्याला अर्थ नाही. मग जागा निवडून सुमारे चार फूट उंचीचे खुंट ठोकावेत, त्यांच्या वरच्या टोकाच्या बाजू सपाट तासाव्यात, नाव, तारीख व क्रमांक लिहावा आणि १५ डॉलर भरून कचेरीत नोंद करावी. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे एका क्लेमला, म्हणजे हक्क नोंदवलेल्या जागेला, ओढ्याच्या लांबीचे ५०० फूट मिळत, आणि एका माणसाला एकच क्लेम; शोध लावणाऱ्याला तेवढा एक जादा. शोधाच्या पहिल्या क्लेमला ‘डिस्कव्हरी’ म्हणत, आणि इतर क्लेमना ‘डिस्कव्हरीच्या वर अमुक क्रमांक’ किंवा ‘खाली अमुक क्रमांक’ अशी नावे असत.

मोजणी दोरीने आणि घाईने झालेली असल्यामुळे पुष्कळ क्लेम लांब निघाले. १८९७च्या आरंभी विल्यम ओगिल्व्ही या सरकारी मोजणीदाराने ते पुन्हा मोजले, तेव्हा मधे उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या ज्याला हव्या त्याला घेता आल्या. अशीच एक शंभर फुटांहूनही अरुंद पट्टी डिक लो या माणसाने नाइलाजाने घेतली, आणि तीच साऱ्या खोऱ्यातील सर्वांत समृद्ध जमिनींपैकी एक ठरली. तेव्हा मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहावे.

ओढ्याकाठी जागा नसेल तर टेकड्यांकडे पाहावे. जुने खाणकामगार यास हसत, कारण सोने जड असल्याने ते खोऱ्याच्या तळाशीच असणार हा त्यांचा अनुभव होता. पण फार प्राचीन काळी ओढ्याचे पात्र बरेच वर होते, आणि त्या पात्रातील फिकट पांढरी रेव टेकड्यांच्या खांद्यांवर तशीच राहिली होती. नियम ठाऊक नसलेल्या नवख्यांनी ती खणली आणि १८९७-९८मध्ये गोल्ड हिल, चीचाको हिल येथे भरपूर सोने काढले.

गोठलेली जमीन कशी खणावी

येथून खरे काम सुरू होते, आणि सिएटलमध्ये विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांनी ज्याकडे जवळजवळ डोळेझाक केली ते हेच. क्लोंडाइकचे सोने कातळाच्या शिरांत अडकलेले नाही; ते रेवेत मोकळे असते, आणि त्यातील बहुतेक सगळे खालच्या कातळाला टेकलेल्या एका नागमोडी पट्ट्यात साचलेले असते. त्या पट्ट्यावर कित्येक फूट रेव आणि तिच्यावर कुजक्या वनस्पतींचा काळा गाळ असतो, आणि हे सगळे बाराही महिने गोठलेले असते. उन्हाळ्यात वरचा थर विरघळून खड्ड्यात पाणी भरते व बाजू ढासळतात. म्हणून खोदकाम हिवाळ्यातच करावे. थंडीने खड्ड्याच्या भिंती दगडासारख्या घट्ट राहतात, त्यांना लाकडाचा आधारही लागत नाही.

संध्याकाळी, खणायच्या जागेवर सुक्या लाकडांची चिता रचून पेटवावी आणि रात्रभर जळू द्यावी. सकाळी राख काढून जेवढी माती मऊ झाली असेल तेवढी खणावी. ती फार तर एक फूट भरते. संध्याकाळी पुन्हा आग. खड्डा पुरुषभर खोल झाला की तोंडावर लाकडी रहाट बसवावा. एकाने खाली बादली भरावी आणि दुसऱ्याने वर ओढावी. आग विझल्यावर धूर आणि विषारी वायू तळाशी साचून राहतात, तेव्हा खड्डा मोकळा झाल्याची खात्री केल्याशिवाय खाली उतरू नये. अशा रीतीने कातळाला पोहोचायला कित्येक आठवडे लागतात, आणि कातळ लागल्यावर तेथे सोन्याचा पट्टा नसल्याचे आढळले, तर दहा-वीस पावलांवर दुसरा खड्डा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. किती जणांची उमेद तिसऱ्या कोरड्या खड्ड्यात संपली असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

तळाजवळ पोहोचल्यावर रोज एक घमेले रेव झोपडीत नेऊन, वितळवलेल्या बर्फाच्या पाण्यात धुऊन पाहावी. एका घमेल्यात दहा सेंटांचे सोने निघाले तर युकॉनच्या जुन्या मापाने जागा चांगली समजत. पट्टा लागला की त्याच्या दिशेने कातळाला धरून आडवे भुयार काढत जावे, तेथेही आगीनेच. वर आलेली रेव लगेच पुन्हा गोठते. तिचा ढीग रचून ठेवावा आणि वसंताची वाट पाहावी. संपूर्ण हिवाळाभर, ढिगात नक्की किती सोने आहे हे मालकालाही कळत नाही, तरी मजुरी द्यावीच लागते. पुढे, १८९८पासून हळूहळू, बॉयलरची वाफ पोकळ लोखंडी गजातून जमिनीत सोडण्याची पद्धत आली आणि लाकडाची राक्षसी नासाडी थोडी कमी झाली. तोवर टेकड्या बोडक्या झाल्या होत्या आणि खोऱ्यांत धुराचे छत लटकलेले असे.

मेमध्ये ओढे वाहू लागले की पाणी अडवून ते लाकडी पन्हळींत सोडावे आणि ढिगातील रेव त्यात फावड्याने टाकत राहावे. पन्हळीच्या तळाला बसवलेल्या पट्ट्यांमागे सोने अडकते आणि हलकी रेव वाहून जाते. उतार बेताचा हवा. जास्त झाला तर बारीक सोने वाहून जाते, कमी झाला तर पन्हळ रेवेने तुंबते. काही दिवसांनी पाणी कमी करून पट्ट्या काढाव्यात, सोने व काळी वाळू गोळा करावी, आणि वाळवल्यावर काळी वाळू चुंबकाने व फुंकरीने दूर करावी. निघालेल्या सोन्यावर सरकार दहा टक्के स्वामित्वशुल्क घेई, आणि त्याविरुद्ध सभा भरत.

हिवाळ्यातील दिवस

झोपडी ओंडक्यांची, बुटकी आणि एका खोलीची बांधावी. फटींत शेवाळ भरावे, छपरावर माती टाकावी. काच नसेल तर खिडकीत रिकाम्या बाटल्या उभ्या लावत. थर्मामीटरचा पारा उणे ३९ अंशांवर गोठतो, आणि डॉसनमध्ये तो गोठण्याचे दिवस दर वर्षी येत. आंबवलेल्या पिठाचे विरजण पाव फुगवण्यासाठी जपून, रात्री अंथरुणाजवळ ठेवावे. त्यावरूनच जुन्या रहिवाशांना ‘सावरडो’ म्हणत आणि नवख्यांना ‘चीचाको’.

स्वतःचा क्लेम नसलेल्याने मजुरी पत्करावी. १८९७-९८च्या हिवाळ्यात तासाला दीड डॉलर, म्हणजे दहा तासांचे १५ डॉलर मिळत. अमेरिकेतील मजुराला तेवढे मिळवायला आठवडा लागे. परंतु डॉसनचे भावही तसेच होते. दुसरा मार्ग भागीचा: मालकाच्या क्लेमचा तुकडा घेऊन खणायचे आणि निघेल त्यातील बहुधा निम्मे त्याला द्यायचे.

गावात नाण्यांऐवजी सोन्याची पूड चाले. एक औंस, म्हणजे ३१ ग्रॅम, जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून थोडे अधिक, याला १६ डॉलर धरत. शुद्ध सोन्याचा भाव २० डॉलर ६७ सेंट होता, पण क्लोंडाइकच्या सोन्यात चांदी बरीच असे. वजन करणाऱ्याच्या बोटांवर नजर ठेवावी. रविवारी काहीही काम करू नये: दारूची दुकाने तर बंद असतच, पण स्वतःच्या चुलीसाठी लाकूड फोडले म्हणूनही पोलिसांनी माणसे धरली, आणि शिक्षा म्हणून त्यांना सरकारी लाकडे फोडायला लावली. १८९८च्या उन्हाळ्यात सुमारे ३०,००० माणसे दलदलीवर वसलेल्या त्या गावात दाटली होती आणि विषमज्वर पसरला होता. पाणी उकळूनच प्यावे.

ज्यांच्या नदीमुखावर हे सगळे उभे राहिले, त्या ट्रोंडेक ह्वेचिन लोकांना त्यांचा प्रमुख आयझॅक याने काही किलोमीटर खाली मूसहाइड येथे नेले. त्यांचे मासेमारीचे ठिकाण खाणकामगारांच्या झोपड्यांनी व्यापले गेले, आणि आसपासची शिकार संपत गेली. सोने धुण्याचा विचार करणाऱ्याने कोणाच्या नदीत धुतो आहोत, हे जाणून असावे.

परत कधी फिरावे

सुमारे एक लाख माणसे निघाली, तीस-चाळीस हजार पोहोचली, आणि सोने लागले ते चारेक हजारांना, असा अंदाज आहे. दुसऱ्या हिवाळ्याचा शिधा विकत घेण्याइतके पैसे उरले नसतील, तर नदी गोठण्यापूर्वी शेवटच्या बोटीने निघावे. १८९९च्या उन्हाळ्यात अलास्कातील नोम येथे समुद्राच्या वाळूतच सोने सापडल्याची बातमी आली, तेव्हा ऑगस्टच्या एकाच आठवड्यात सुमारे ८,००० लोक डॉसन सोडून गेले. मागे राहिलेल्या जमिनी कंपन्यांनी एकत्र केल्या आणि प्रचंड तरंगते ड्रेज, म्हणजे तळाची रेव उपसणारी यंत्रे, आणले. त्यांतील चार क्रमांकाचा ड्रेज १९५९पर्यंत चालू होता आणि आज बोनान्झाच्या काठी जतन केलेला आहे.

आज घमेले धुऊन पाहायचे असल्यास

बोनान्झा ओढ्यावर ‘डिस्कव्हरीच्या वर सहावा’ हा क्लेम पर्यटकांसाठी मोफत खुला आहे. कातळाच्या भेगांतील आणि मोठ्या दगडांखालील रेव घ्यावी. घमेले पाण्यात पूर्ण बुडवून आधी हाताने ढेकळे फोडावीत, मोठे दगड धुऊन फेकावेत. मग ते जोरात डावी-उजवीकडे हलवावे, म्हणजे जड ते तळाला बसते. यात घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. नंतर कड किंचित पुढे झुकवून वरचा थर पाण्याबरोबर थोडाथोडा जाऊ द्यावा, पुन्हा सपाट धरून हलवावे, आणि काळी वाळू उरेपर्यंत हे करत राहावे. सराफ कट्ट्यावरची धूळ धुणाऱ्या झारेकऱ्यांचे हात ज्याने पाहिले आहेत, त्याला ही लय ओळखीची वाटेल. सोन्याची पूड सांडलेला डॉसनच्या दारूच्या दुकानांतील भुसाही असाच धुतला जाई. शेवटी चमचाभर पाणी ठेवून घमेले हळू फिरवावे: सोने काळ्या वाळूच्या मागे रेंगाळते. सावलीतही जे चमकत राहते ते सोने. जे ऊन हटताच विझते ते अभ्रक. कण कोरड्या बोटाच्या टोकाने टिपून, पाण्याने भरलेल्या लहान बाटलीत सोडावा. सहाव्या क्लेमची हद्द सोडून वर-खाली सरकण्यापूर्वी मात्र खुंट पाहावेत, कारण शेजारचे कित्येक क्लेम आजही कोणाच्या तरी मालकीचे आहेत आणि तेथे खणले जाते.